शनिवारची माकडं

प्राणी नव्या मुलखात कसे पसरतात, याची समीकरणं मांडून मला पीएचडी मिळवायची होती. प्राणी म्हणजे माकडं आणि मुलूख म्हणजे दिल्लीतलं आमचं आर. के. पुरम. बाबांच्या सरकारी क्वार्टरमध्ये आयतं गिळून मी विज्ञानावर उपकार करत होते म्हणा ना! मॉडेल साधं होतं: टोळी वाढते आणि शेजारच्या गल्लीत सरकते, कागदावर तेलाचा डाग पसरतो तशी. त्या हिशेबाने आमच्या ब्लॉकला अजून काही वर्षं तरी धोका नव्हता.

मेल्यांनी मॉडेल वाचलंच नव्हतं. मधले ब्लॉक टाकून टोळी थेट आमच्या गच्चीवर! तीही फक्त शनिवारी. बाकी दिल्लीत माकडांना केळी-चणे घालतात ते मंगळवारी, आणि गर्दीही तेव्हाच. आमच्याकडे मंगळवारी शुकशुकाट.

गाईड म्हणाले, "मॅडम, एक छत ने पूरी थीसिस डुबो दी." फेलोशिप संपत आली होती. एवढ्या वर्षांची मेहनत माकडांनी खाल्ली, या विचाराने रडू यायचं आणि त्याहून जास्त संताप.

शेवटी एका शनिवारी सकाळी मी पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसले. जिन्याचं दार उघडलं आणि आली कोण? आमच्या मातोश्री! हातात केळ्यांची फणी.

"आई, तू?"

"ओरडू नकोस, बिचकतील ती. तुझी पीएचडी होऊ दे म्हणून मारुतीला नवस बोललेय."

"अगं, पण इथे सगळे मंगळवारी घालतात!"

"घालू देत. आपल्याकडे मारुतीचा वार शनिवार."

"तुझ्या या नवसानेच माझी पीएचडी अडलीये!"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "मग बंद करू?" ती म्हणाली. "पण बोललेला नवस अर्धवट कसा टाकायचा गं?" माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं.

मग डोकं चाललं. माणूस खायला घालतो तिथे टोळी सरकत नाही, उडी मारते, असं मी समीकरणात घातलं. आजूबाजूच्या खाऊ घालायच्या जागा तपासल्या. सगळं तंतोतंत जुळलं. गाईडना तेच प्रकरण सर्वांत आवडलं, आणि पीएचडी त्याच्याच जोरावर मिळाली.

"बघ, पावला की नाही मारुती?" आई म्हणाली.

पंचाईत अशी, की तिच्या बाजूचा सगळा पुरावा मीच गोळा केला होता.