पूजेत ठेवलेला कॉम्प्युटर

मी तंत्रनिकेतनात बावीस वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळते. "मॅडम, मशीन आपोआप बंद पडलं" म्हणणाऱ्याला मी आधी प्लग बघायला लावते, आणि दहातल्या नऊ वेळा प्लगच निघालेला असतो. भूत-बित, बाहेरचं, अंगात येणं... असल्या गोष्टींना माझ्याकडं वेळ नाही. या सदरातले अनुभवसुद्धा मी आजवर हसण्यासाठीच वाचायचे. तेव्हा हा लिहिताना थोडी लाज वाटतेय, पण लिहिते.

आमचं घर सिडकोत, तळमजला. हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर — मीच जोडलेला, जुना, काळ्या कॅबिनेटचा. त्याच्यासमोर दिवसभर माझे सासरे, अण्णा. त्यांचं गाव पैठणच्या धरणात गेलं तेव्हा ते विशीतले होते. पुढं प्रकल्पग्रस्त म्हणून पाटबंधारे खात्यात ट्रेसर लागले आणि नकाशे काढता काढता रिटायर झाले. गेली दोन वर्षं ते बुडालेल्या गावाचा नकाशा काढत होते, घरन् घर. कुणाचा वाडा, कुणाचा गोठा, विहिरीला पायऱ्या किती... सगळं आठवणीतून. गावची जुनी माणसं एकत्र जमणार होती, तिथं तो लावायचा होता.

आणि नेमका अण्णांच्या डोळ्याचा पडदा सुटला. डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला, राहिलेला हा एकच. ऑपरेशन झालं, डोळ्यात गॅसचा फुगा सोडला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आठ दिवस तोंड खाली. झोपताना पालथं, बसताना मान वाकवून. स्क्रीन अजिबात नाही. मान वर केली, फुगा सरकला, तर परत संधी मिळेलच असं नाही."

मी आठ दिवस रजा टाकली. नवरा नाशिकला नोकरीला, मुलगी पूर्वा शिकायला पुण्यात, म्हणजे घरात आम्ही दोघंच. फोमच्या उशीला मधोमध भोक पाडलं आणि अण्णांना त्यात तोंड घालून झोपवलं.

दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन आले तर हे कॉम्प्युटरसमोर. हातात भिंग!

"पाचच मिनिटं, मंगल. मारुतीचा पार दोन बोटं सरकलाय."

"डोळा सरकला की मग बसा पार सरकवत."

मी कॉम्प्युटरची केबल काढून कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी अंघोळ करून येते तो मशीन चालू. राइस कुकरची केबल लावली होती! तीच पिन, तीच साइज. मला तेव्हा राग यावा की कौतुक वाटावं तेच कळेना. मग मी सुरू होतानाच पासवर्ड मागेल अशी सेटिंग केली. संध्याकाळपर्यंत तोही उघडला.

"पूर्वाची जन्मतारीख," अण्णा उशीच्या भोकातून म्हणाले. "तू दुसरं काय ठेवणार? बँकेचा बी तोच आसंल."

तेव्हा मात्र मी स्क्रू ड्रायव्हर काढला. रॅमच्या दोन्ही पट्ट्या उपसल्या, कागदात गुंडाळल्या, पर्समध्ये टाकल्या. पुढच्या बटणाची वायरही आतून काढून टाकली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी — रॅमशिवाय कॉम्प्युटर सुरू होत नाही. फार तर पंखा फिरेल, एखादी शिट्टी वाजेल. पडद्यावर काहीही येत नाही. हे मी शेकडो पोरांना शिकवलंय.

पाचव्या दिवशी पर्स खांद्याला लावून औषधाच्या दुकानात गेले. वीस मिनिटांत परत. दार उघडलं तर कॅबिनेटचा पंखा घरघरत होता आणि पडद्यावर नकाशा. अण्णा पालथे, डोळे मिटलेले.

मला वाटलं, पूर्वाच्या जुन्या मशीनमधली रॅम घरात कुठंतरी पडलेली असणार, यांनी ती शोधून बसवली. मी काही तपासलं नाही. सरळ केबल ओढली आणि बोलायला लागले. नको तेवढं बोलले. आंधळे झालात तर तुमचं मीच करायचंय, इथपर्यंत.

अण्णा शांतपणे म्हणाले, "मी उठलो नाय."

"कुकरच्या केबलच्या वेळी तरी कबूल केलंत."

"तवा उठलो व्हतो, म्हणून केलं. आज नाय उठलो."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुपारी मी कॅबिनेट उघडलं. दोन्ही खाचा रिकाम्या. बटणाची वायर तशीच लोंबत होती.

मी प्रामाणिकपणे सांगते, तरीही मला वाटलं यांनीच काहीतरी केलंय. बसवली आणि परत काढली असेल. माणूस तीस-पस्तीस वर्षं खात्यात होता, काहीही करू शकतो. घरातल्या सगळ्या केबल, मॉनिटरची, कुकरची, झाडून सगळ्या कपाटात टाकल्या. किल्ली मंगळसूत्राला अडकवली.

सहाव्या दिवशी, पावणेबारा. अण्णा पलंगाच्या कडेला मान वाकवून बसलेले, मी समोर स्टुलावर, चमच्यानं खिचडी भरवतेय. बोलणं अजून तुटक चाललं होतं.

घरघर सुरू झाली.

मी वळून बघितलं. पडदा उजळला. मागं एकही वायर नाही, मला स्टुलावरून स्पष्ट दिसत होतं. भिंतीवरचा प्लग रिकामा.

"मंगल," अण्णा म्हणाले, "मी हितंच हाय ना?"

आणि तेवढ्यात त्यांनी मान उचलायला सुरुवात केली. "मला बघू दे. एकदा बघू दे..."

मी ताट फेकलं. दोन्ही हातांनी त्यांचं डोकं खाली दाबलं. सासऱ्याच्या डोक्याला असा हात घालेन असं कधी वाटलं नव्हतं. पण ते खरंच उठत होते, आणि त्यांच्यात अजून ताकद होती.

"मी बघते! मी वाचून दाखवते! तुम्ही खाली बघा."

"वाच मग. सगळं वाच."

एक हात त्यांच्या मानेवर ठेवून मी तिथूनच वाचायला लागले. पार, विहीर, पाटलांचा वाडा म्हणजे आमचाच, सुताराचं छप्पर... ते हुंकार देत होते. मग मी ओढ्यापलीकडं आले. तिथं एक गल्ली होती, सात घरांची.

"बाबू पिंजारी. चांदबी, दोन खोल्या. लालभाई, दारात कापसाचं पिंजण. गफूर..."

"थांब," अण्णा म्हणाले. "ही नावं कुठून वाचतेस?"

"इथं लिहिलीत. तुम्हीच लिहिली असतील."

"पिंजारगल्ली मी काढलेलीच नाय. तिथं मी नुसतं 'इतर घरं' लिहून चौकोन सोडलाय. आमच्या घरच्या पोरांना त्या गल्लीत जाऊ देत नव्हते. मला एक नाव ठावं नाय तिथलं."

पंखा घरघरतच होता. माझ्या हाताखाली त्यांची मान परत ताठ व्हायला लागली. अजून दोन दिवस काढायचे होते, आणि हे यंत्र असं चालू राहिलं तर हा माणूस उठणार. मला भीती त्याची वाटत होती. बाकीच्याला घाबरायला सवड नव्हती.

"अण्णा, हे बंद कसं करू? काढायला काही शिल्लकच नाही यात."

ते म्हणाले, "पूजेत ठेव."

"काय?"

"खंडेनवमीला ठेवतो तसं. पूजेतलं हत्यार कुणी उचलत नाय. माणूस नाय अन् दुसरं बी कुणी नाय. नवमी असंल, नसंल, तू ठेव."

लॅबमधल्या पन्नास मशीनना मी दरवर्षी खंडेनवमीला हळद-कुंकू लावते, कारण प्राचार्यांना फोटो लागतो. त्यापलीकडं मला त्याचं काही नाही. पण मी देवघरातून हळद-कुंकू आणलं. कॅबिनेटला लावलं, कुंडीतलं सदाफुलीचं फूल वर ठेवलं. हात जोडावेत का कळेना, पण जोडले. "आता विश्रांती घ्या," म्हणाले. कोणाला, ते माहीत नाही.

लगेच काही झालं नाही. मी हात धुऊन आले तेव्हा पंखा थांबला होता.

त्यानंतर दोन दिवस ना घरघर ना उजेड. अण्णांनी मान उचलली नाही की नकाशाचं नाव काढलं नाही. मी मात्र त्या दोन रात्री हॉलमध्येच सतरंजी टाकली. झोप कसली लागतेय...

तपासणीला गेलो. डॉक्टरांनी पंधरा मिनिटं डोळ्यात बघितलं. म्हणाले, पडदा छान बसलाय, पेशंटनं मान खाली ठेवलेली कळतेय. इतकं पाळणारे पेशंट कमी. मी जमिनीकडं बघत होते. पाचव्या दिवशीचं माझं बोलणं एकेक आठवत होतं. रिक्षात बसल्यावर मी म्हणाले, "चुकलं माझं." अण्णा म्हणाले, "कुकरच्या येळेला नव्हतं चुकलं." बस, तेवढंच.

डॉक्टरांनी स्क्रीनची परवानगी दिली त्या दिवशी मी फूल उचललं, कुंकू पुसलं, रॅम बसवली, वायर जोडली. फाइल उघडली. पिंजारगल्ली होती. फाइल शेवटची सेव्ह झाल्याची वेळ — सहावा दिवस, पावणेबारा.

अण्णा चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी गावच्या एकाकडून पैठणच्या मेहरुन्निसा आपांचा नंबर मिळवला. त्या पिंजारगल्लीतल्या, आता ऐंशीच्या पुढच्या. फोन स्पीकरवर होता. अण्णांनी सातही नावं वाचली.

पलीकडून आपा म्हणाल्या, "चांदबी मेरी अम्मी. सब बराबर है. पण तुमको किसने बताया? पाटलांचे ना तुम्ही? तुम्ही तर ओढा वलांडून कधी आलाच नाही."

"नाय आलो," अण्णा म्हणाले. "आपा, आता येऊ का?"

तेव्हापासून ते दर गुरुवारी एसटीनं पैठणला जातात. आपा सांगतात, हे कागदावर उतरवतात. कुणाच्या अंगणात बोर होती, कुणाच्या पिंजणाचा आवाज वेशीपर्यंत यायचा. नकाशाखाली त्यांनी आधी 'रेखाटन' म्हणून स्वतःचं एकट्याचं नाव टाकलं होतं. परवा बघितलं तर त्याला जोडून लिहिलंय — 'पिंजारगल्ली वगळून'. मी विचारलं, मग तिथं कुणाचं नाव टाकायचं? म्हणाले, "तूच सांग."

मी आमच्या विभागातल्या सरांना सगळं सांगितलं. ते हसले. "मॅडम, रॅमशिवाय? केबलशिवाय? तुम्ही सांगताय हे?" त्यांच्या जागी मीही हसले असते. पॉवर सप्लायमध्ये उरलेला चार्ज, मॉनिटरची जुनी प्रतिमा... सगळं शोधून झालं. सात नावांपर्यंत यातलं एकही पोचत नाही.

मशीन अजून तिथंच आहे, काम बरोबर करतं. पण अण्णा पैठणला गेलेले असतात आणि मी घरात एकटी असते, तेव्हा पंख्याची घरघर ऐकू आली की हातातलं काम थांबतं. आधी मी छताकडं बघते. वरचा पंखा फिरताना दिसला, की मगच पुढचं काम सुचतं.