ओजसचा गुडघा आणि माझी आंबेहळद

हायाशी-सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, एमआरआयचा फोटो पडद्यावर लावला आणि पेनाच्या टोकानं एक काळी जागा दाखवली. तिथे दोरीसारखा एक पट्टा असायला हवा होता. तो नव्हता.

"एसीएल पूर्ण तुटलंय. मेनिस्कसही फाटलाय. ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा दोर. मेनिस्कस म्हणजे त्या दोन हाडांमधली गादी. हे मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मी फक्त ओजसच्या तोंडाकडे बघत होते. माझा चोवीस वर्षांचा, नव्वद किलोचा मुलगा खाली मान घालून आपल्या सॉक्सकडे बघत बसला होता.

मग डॉक्टरांनी विचारलं, लागलं कधी? ओजस जपानीत पुटपुटला, "दोन आठवड्यांपूर्वी. मॅचमध्ये."

सतरा वर्षं जपानमध्ये, इथे कोतोमध्ये, काढल्यावर एवढं जपानी मला कळतं. मला त्यानं सांगितलं होतं की स्टेशनच्या जिन्यावरून घसरलो. माझा पारा असा चढला म्हणून सांगू! पण दवाखान्यात ओरडायचं कसं?

तेवढ्यात सेन्सेईंनी त्याची पँट वर केली आणि थबकले. गुडघा पिवळाधमक. त्यांनी आधी ओजसच्या डोळ्यांचं पांढरं तपासलं, मग नखं बघितली. त्यांना कावीळ वाटली! मी पटकन म्हटलं, "माझं काम आहे ते, सेन्सेई." पहिल्या दिवशीपासून मी रोज आंबेहळद उगाळून गरम लेप लावत होते, वर तिळाच्या तेलाचं मालीश. आमच्याकडे मुरगळलं, मुका मार लागला की हेच करतात. सूज छान उतरली होती. मी मिलिंदला, म्हणजे नवऱ्याला, फुशारकीनं सांगितलंही होतं की बघा, डॉक्टरचा खर्च वाचवला. आणि सूज उतरली म्हणून हा पठ्ठ्या गुडघ्याला पट्टा बांधून पुन्हा सरावाला गेला होता. दुसऱ्या शनिवारी वळताना गुडघा निसटला आणि हा तिथेच कोसळला.

मी सेन्सेईंना विचारलं, माझ्यामुळे वाढलं का? ते हसले नाहीत, हे मला बरं वाटलं. ते म्हणाले, "हळदीनं काही बिघडलं नाही. मालीश नको होतं, पण नुकसान झालं ते पळण्यानं. सूज उतरली म्हणजे दोर जुळला असं नाही, ओजसच्या आई." तुमच्या घरी कुणी खेळणारं असेल तर हे वाक्य फ्रिजवर लावून ठेवा. लेप लावा हवं तर, पण आधी एमआरआयचा फोटो काढा.

आता त्यानं का लपवलं, ते सांगते.

ओजस अमेरिकन फुटबॉल खेळतो. जपानमध्ये हा खेळ कॉलेजांत आणि कंपन्यांच्या संघांत चालतो. तो लाइनबॅकर आहे, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीत. बॉल घेऊन पळणाऱ्याला पाडायचं हे त्याचं काम. मी कबड्डीतली पकड समजून बघते, बाकीचे नियम मला आजही कळत नाहीत. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी चांगल्या पोरांना संघांकडून बोलावणी येतात. त्याच्या सगळ्या मित्रांना आली, याला एकही नाही. उंची कमी पडते म्हणे. मग हा स्वतः चाचणीला गेला. पहिल्या वर्षी नापास. दुसऱ्या वर्षी कावासाकीच्या एका संघानं सरावापुरता घेतला. आठवडाभर ऑफिस, शनिवार-रविवार दुसऱ्यांच्या धडका खायला गादी धरून उभं राहायचं. दोन मोसम त्यानं तेच केलं. यंदा एका खेळाडूची नागोयाला बदली झाली आणि ओजसला पहिल्यांदा सुरुवातीपासून मैदानात उतरवलं. त्याच मॅचमध्ये गुडघा गेला.

"मला कुणी बोलावलं नव्हतं, आई," तो परतीच्या ट्रेनमध्ये म्हणाला. "लागलंय म्हटलं असतं तर दुसऱ्याला घेतलं असतं. मग मला परत कोण घेणार?"

माझा सगळा राग तिथेच विरघळला. पंगतीत आगंतुक बसलेला माणूस भाजी वाढा म्हणायलाही लाजतो, तसं माझं पोर दोन वर्षं तिथे वावरत होतं. आणि मला वाटायचं, मजेत आहे.

दवाखान्यात भरती व्हायचं तर कागद फार. त्यातल्या एकावर हमीदार म्हणून दुसऱ्या घरातल्या माणसाची सही लागते. इथल्या लोकांना काका-मामा असतात, आमचं सगळं गोत पुण्याला. खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी सुट्टीवर भारतात गेलेले. मी म्हटलं, तुझ्या कोचना विचार. ओजस ताडकन म्हणाला, "दामे! अजिबात नाही." त्यानं संघाला फक्त 'थोडं दुखतंय' एवढंच कळवलं होतं.

मी एक रात्र विचार केला आणि सकाळी स्वतःच कोचना फोन लावला. नाकागावा-सान त्यांचं नाव. माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत सगळं सांगितलं, जिन्याची थापही. चोवीस वर्षांच्या मुलाच्या परस्पर असं करणं बरोबर होतं का? मला अजून ठरवता येत नाही. ओजस दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवायला वाढलं की जपानीत आभार मानायचा, परक्यासारखे.

भरती व्हायच्या दिवशी नाकागावा-सान सूट घालून, खिशात आपल्या नावाचा शिक्का (इथे सहीबरोबर तोही लागतो) घेऊन दवाखान्यात हजर. त्यांनी कागदावर सही केली, शिक्का उमटवला. 'रुग्णाशी नातं' या रकान्यात काय लिहायचं म्हणून कारकुनानं विचारलं. त्यांनी 'संघ' असं लिहिलं. ओजस कुबड्यांवर उभा होता, त्यानं कमरेतून वाकून माफी मागितली. कोच म्हणाले, "दोन आठवडे आम्ही दहाच जण खेळत होतो. आम्हाला वाटत होतं तू अकरावा आहेस. ज्याला मी मैदानात उतरवतो, त्याचं दुखणं मला ठाऊक असायला हवं." बोलणं कडक होतं. पण जाताना त्यांनी त्याला पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या मॅचचे व्हिडिओ दिले आणि बेडवर पडल्या पडल्या टिपणं काढायला सांगितली.

ऑपरेशनला अडीच तास लागले. मांडीच्या मागच्या स्नायूची दोरीसारखी कंडरा काढून तिचा नवा दोर करतात, त्याला ग्राफ्ट म्हणतात. मेनिस्कसला टाके घातले. आदल्या दिवशी नर्सबाईंनी पिवळा गुडघा घासघास घासला, तरी रंग काही जाईना. त्या इतक्या हसत होत्या की शेवटी मीही हसले. हिरव्या कपड्यातले सेन्सेई बाहेर येऊन "व्यवस्थित झालं" म्हणाले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तीन आठवडे तो तिथे होता. पहिल्या दिवसांत नुसता पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळायचा, दिवसातून शंभरदा. ते करताना नव्वद किलोच्या गड्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी डिंकाचे लाडू नेले, ते आहारतज्ज्ञ बाईंनी परत पाठवले. मग वेटिंग रूममध्ये बसून मीच ते खाल्ले. घरच्यांनो, तुमचीही ताकद टिकली पाहिजे. तिथे रोज एक आजोबा बायकोची वाट बघत बसायचे, त्यांना एक लाडू दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला संत्रं आणलं.

तीन महिन्यांनी ओजस हळूहळू पळायला लागला. मधे एकदा गुडघ्यात पाणी झालं आणि सगळं पुन्हा मागे गेलं, तेव्हा घरात आठ दिवस सुतक असल्यासारखं होतं. घाई करू नका. सेन्सेई दर वेळी एकच म्हणायचे, "गुडघ्याला कॅलेंडर वाचता येत नाही." परत खेळू का, या प्रश्नाला मात्र त्यांनी कधी हो म्हटलं नाही. 'बघू' म्हणत राहिले, आणि ते खरं होतं.

ऑपरेशननंतर अकराव्या महिन्यात त्यांनी परवानगी दिली. ओजसची जागा तोवर दुसऱ्या मुलाकडे गेली होती, आणि तो चांगला खेळतो, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. ओजस आता त्याच्या मागे राखीव असतो. मॅचमध्ये पाच-सहा वेळा उतरतो, एखाद्याला पाडतो. बाकी वेळ मैदानाच्या कडेला टिपणवही घेऊन ओरडत असतो. खुशीत असतो. मी हायाशी-सेन्सेईंची, त्या घासणाऱ्या नर्सबाईंची आणि नाकागावा-सानच्या शिक्क्याची जन्मभर ऋणी आहे.

गेल्या शनिवारी दुपारी त्याचा फोन आला. सराव संपायला अजून तास होता, म्हणून मी घाबरले.

"आई, गुडघा दुखतोय जरासा. कोचना सांगितलं, त्यांनी बसवलंय. सोमवारी दाखवून येतो."

मी म्हटलं, "बरं."

फोन ठेवला आणि मला इतका आनंद झाला की मिलिंद धावत आले, काय झालं म्हणून. मी सांगितलं, "अहो, ओजसला दुखतंय!"