‘आणि तिचं?’ असे विचारणाऱ्या रशीदा मॅडम

मी समाजशास्त्राच्या एम.ए.ला असताना डॉ. रशीदा बागवान मॅडमना प्रथम भेटले. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांचा त्या अभ्यास करीत होत्या. मदतीला त्यांनी मला सोबत घेतले. तुरुंगात राक्षस दिसतील, अशा समजुतीने मी गेले. समोर आला तो करमाळ्याकडचा, नमस्कार करून बसणारा, एखाद्या चुलत्यासारखा माणूस. ज्या मुलीवर त्याने अत्याचार केला होता, तिच्या वडिलांचा तो मित्र. “माझं समदं वाटोळं झालं की,” एवढेच तो सांगत राहिला.

मॅडमनी शांतपणे विचारले, “आणि तिचं?”

“तिचं मला काय ठावं?”

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, “बरेच जण असेच भेटतात. घरात ऊठबस असलेले, स्वतःचीच कीव करणारे. पण इथंच थांबलो तर आपला अभ्यास अर्धाच.”

आधी निरोप पाठवून, आईची संमती घेऊन आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. आई म्हणाली, “त्याला कुनी काय म्हनत न्हाय. समदी माझ्या पोरीकडंच बघत्यात. तिला शाळंत जायाचंय, पर हितं कशी पाठवू?” मुलगी आत भिंतीकडे तोंड करून बसली होती. मॅडमनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. मला म्हणाल्या, “अभ्यास राहू दे. आधी शाळेचं बघू.”

अकलूजच्या एका वसतिगृह असलेल्या शाळेत प्रवेश मागायला त्या स्वतः गेल्या. मुख्याध्यापकांनी वर्षाच्या मध्येच शाळा बदलण्याचे कारण विचारले.

“कारण मी सांगणार नाही, सर. स्थानिक पालक म्हणून माझं नाव लिहा.”

सुट्टीत मुलगी मॅडमच्या जुळे सोलापूर भागातल्या घरी येई. एका ईदला शीरखुर्मा खाताना ती खळखळून हसली. मॅडम स्वयंपाकघरात जाऊन रडल्या, ते मी पाहिले. या अभ्यासावर त्यांनी लिहिलेल्या ग्रंथात तिच्याविषयी एक ओळही नाही.

गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर मॅडम मुलाकडे बंगळुरूला राहतात. विद्यार्थ्यांना घेऊन तुरुंगात आता मी जाते. बाहेर पडल्यावर काही बोलावे म्हणून अजूनही शेजारी वळते, आणि शेजारी त्या नसतात. फोनवर “जेवलीस का गं?” एवढे त्यांनी विचारले, की सोलापूर आणखीच रिकामे वाटते.

ती मुलगी आता आई आहे. या लेखासाठी परवानगी मागितली, तेव्हा म्हणाली, “माझं नाव नका लिहू. पण माझी लेक यंदा पहिलीत जातीय. पहिल्या दिवशी तिला सोडायला मॅडम येतील का, इचारा की.”

मॅडम, पंचाहत्तरीनंतरची वर्षेही तुम्हाला भरभरून आणि निरोगी लाभोत, गुडघ्यांत बळ येवो. शाळा जूनमध्ये उघडते. आम्ही तुम्हाला घ्यायला स्टेशनवर येतो.