कार्डं पाण्यात सोडायची असतात

चादरीवरचा मोर दिसला की भवानी पेठेतली ती आग आजही माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा सोलापुरात फौजदार होतो.

एका चादर कारखान्याच्या मागच्या खोलीत, साप्ताहिक सुट्टीच्या दुपारी, आग लागून एक कामगार जळून मेला. चादरीवरची नक्षी मागावर उठते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून. तो कामगार ही कार्डं ओवायचा, फाटली तर दुरुस्त करायचा. मालकाने जबाब दिला, "जुनी कार्डं जाळताना त्याच्याच हातून भडका उडाला. मी घरी होतो." अकस्मात मृत्यूची नोंद झाली. सगळे इतके सरळ होते की ठाण्यात कुणी दुसऱ्यांदा विचारही केला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कामगाराची बायको ठाण्यात आली. घरी तेलुगू बोलणारी बाई, पण मराठीत अडखळली नाही.

"माझ्या माणसानं आग लावली न्हाय, साहेब. दारू प्याला, आग लावली, म्हणत्यात सगळी. आमच्यात कार्ड जाळत न्हाईत. खंडेनवमीला हळदकुंकू वाहिलेलं असतंय. जुनं झालं की तळ्यात सोडायचं."

मी पंचनामा पुन्हा काढला. प्रेताखाली एक पोते सापडले होते. वरची कार्डं जळालेली, तळाची शाबूत, सुतळीने नीट बांधलेली. ती जुनी तर नव्हतीच, चांगली कोरी करकरीत होती. जाळायला आलेला माणूस कार्डं बांधून पोत्यात कशाला भरेल?

चादरीवरची मोराची नक्षी मुळात दुसऱ्याच एका माणसाची होती. त्याच दिवशी तो नक्षीवाला कारखान्यात येऊन राखेपाशी उभा होता. त्याने कार्डांचा एकच संच या कारखान्याला वापरायला दिला होता. करार साधा होता. याच कारखान्यात विणायचे, नक्कल करायची नाही, आणि तो केव्हाही तपासणीला येणार. त्याचा मोर दुसऱ्याच एका शेडमध्ये विणला जातो, अशी कुणकुण लागल्यामुळे त्याने तपासणीचा निरोप पाठवला होता.

मी कारखान्याच्या मालकाला बोलावले. आवाज चढवला नाही. खोटे बोलणाऱ्याला बोलू द्यावे, तोच दमतो.

"तुम्ही घरी होता. मग तो कार्डं जाळत होता हे पाहिलं कुणी?"

मी पोते समोर ठेवले, तेव्हा तो बोलू लागला. पोत्यातली कार्डं म्हणजे मोराच्या नकला, त्यानेच करून घेतलेल्या. तपासणीआधी जाळून टाक, असे त्याने कामगाराला सांगितले होते.

"त्यो म्हनला, जाळनार न्हाय, तळ्यात सोडतो. तळ्यावर लोकं बघत्यात की साहेब. म्हनून मीच दुपारी ग्येलो. दारातनंच राकेल वतलं, काडी वढली. सुट्टी हुती, कोन असनार आत?"

"हाक आली नाही?"

"आली. पन तवर कार्डं पुरती जळाली नव्हती."

नोकरीत मी खूनही पुष्कळ पाहिले, पण असे उत्तर पुन्हा ऐकले नाही. मालकाला शिक्षा झाली. खरे तर त्याने चूक कबूल केली असती, तर नक्षीवाल्याने फार तर आपला मोर परत नेला असता. तेव्हापासून मी गुन्ह्याआधी माणसाची भीती शोधू लागलो. भ्यायलेला माणूस काय करेल याचा भरवसा नसतो.

निकालानंतर त्या बाईने मुद्देमालातले पोते मागितले. कायद्याने ते नक्षीवाल्याकडे जायचे होते. नक्कल सापडल्यास नष्ट करावी, असे करारातच होते. ती कार्डं तळ्यात सोडायची बाईची इच्छा मी त्याला सांगितली. कठोर माणूस. करारातले ते कलम पुन्हा वाचून तो म्हणाला, "पाण्यात सोडली तरी नष्टच होतात की."

कंबर तलावावर आम्ही तिघेच गेलो. तिने कार्डांवर कुंकू वाहिले आणि एकेक संच पाण्यात सोडला. रिकामे पोते घडी घालून तिने काखेत धरले.

"एवढ्यासाठीच आत ग्येलता त्यो," ती म्हणाली.