सैनिकांच्या डोळ्यांची आखणी

रोह्यातल्या आमच्या घरी काचेचं कपाट बायकोने कपबशांसाठी करून घेतलं होतं. त्यात माझे सैनिक राहायला गेले म्हणून ती बरेच दिवस धुसफुसत होती. सैनिक बोटाच्या दोन पेरांएवढे, प्लास्टिकचे, काही धातूचे. त्यांचे सुटे भाग मिळतात. ते चिकटवायचे, रंगवायचे, मग टेबलावर दोन फौजा मांडून पट्टीने अंतर मोजत सरकवायच्या आणि फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. हा नाद मला कंपनीतल्या एका मित्राने लावला. दोघांची शिफ्ट एकदम सुटली की तो आपली फौज डब्यात घालून आमच्याकडे यायचा.

बायकोचं माहेर पेणजवळ, हमरापूरला. घरचा गणपतींचा कारखाना. लग्नाआधी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी तीच करायची. एकदा मी एका भालेकऱ्याचं तोंड रंगवत होतो आणि ती शेजारी भाजी निवडत होती.

"अहो, हा घाबरलाय का?" तिने विचारलं.

"नाही. का?"

"डोळे बघा त्याचे."

मग हात पुसून तिने माझ्याकडून ब्रश घेतला, त्याचे सुटे झालेले केस ओठांनी एकत्र केले आणि दोन रेघा मारल्या. भालेकरी समोर बघायला लागला. त्या दिवसापासून डोळे तिचे आणि बाकी सगळं माझं, असं ठरूनच गेलं. पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्याला ओल धरते, रंगावर बुरशी चढते. तिनेच सैनिकांच्या पायाखाली चुंबकाचे तुकडे चिकटवून त्यांना घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत उभं करायला लावलं. कपबशा शेवटी स्वयंपाकघरातच राहिल्या.

मग तिला कॅन्सर निघाला. उपचारांसाठी मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. औषधांनी तिच्या बोटांची जाणीवच गेली. साडीची पिन मी लावून द्यायला लागलो. एका दुपारी तिने स्वतःहून सैनिक मागितला. मी ब्रश, रंग, सगळं तिच्यापुढे ठेवलं. पहिलीच रेघ गालावर उतरली. मी ती पुसून दिली. दुसरीही तशीच गेली. मी पुन्हा फडकं उचललं तेव्हा ती म्हणाली, "पुसू नका आता. राहू दे तसाच." ब्रश तिने पाण्यात नीट खळबळून ठेवला. त्यानंतर तिने तो हातात घेतला नाही.

तरी मित्र आला की ती टेबलापाशी खुर्ची ओढून बसायची. आम्ही फासे टाकायचं काम तिला दिलं. ती दोन्ही तळव्यांत धरून ते सोडायची. पुष्कळदा ते खाली पडायचे. मित्र टेबलाखाली वाकायचा आणि काय पडलं ते सांगायचा. जरा जास्तच चांगलं दान पडायचं तिचं. मी खाली वाकून कधी बघितलं नाही.

शेवटी ती गेली, ती घरीच. पुढे मित्र दोनतीनदा येऊन बसला, पण फौजा मांडा असं दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही. नंतर त्याची गुजरातला बदली झाली.

गेल्या गणपतीनंतर कारखान्यातलं काम आवरल्यावर तिचा धाकटा भाऊ हमरापूरहून भेटायला आला. चहा पिता पिता त्याची नजर कपाटाकडे गेली. मी एक डबा काढून त्याच्यापुढे ठेवला. तो एकेक सैनिक खिडकीकडे धरून बघत राहिला.

"आखणी ताईचीच हाय," तो म्हणाला. "आमच्या आईचा हात असाच होता."

"तुला हवा तो घेऊन जा."

तो बराच वेळ बघत बसला. शेवटी त्याने गालावर रंग उतरलेला सैनिक उचलला.

"तो बिघडलाय रे. दुसरा घे एखादा."

"नाय भावोजी. ह्योच द्या."

त्याने तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. मला तो द्यायचा नव्हता. तरी मी डब्याचं झाकण लावलं. स्टेशनवर त्याला सोडायला गेलो तेव्हा त्याचा हात सारखा त्या खिशाकडे जात होता.