पायांनी तपासलेली फरशी

दिवाणखान्यातल्या एका खिडकीचा पडदा काढून झाला होता, दुसऱ्याच्या कड्या निम्म्या सोडवून मी स्टुलावर उभी होते, तेवढ्यात बेल वाजली. फरशीवाले काका आले होते. पडदा तसाच अर्धवट लोंबत सोडून मी खाली उतरले.

काकांनी चपला दाराबाहेर काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि थेट जमिनीवर बसले. बोट वाकवून एका लादीवर टकटक केली, कान दिला, मग पुढची लादी, मग त्यापुढची. डॉक्टर पाठ वाजवून बघतात तसं.

"दोन लाद्या पोकळ वाजताहेत, ताई. त्या उचलून पुन्हा बसवू. बाकीच्या जीव धरून आहेत."

आमच्या आधी राहणाऱ्यांनी त्या संगमरवराला काय काय सोसायला लावलं होतं ते देवच जाणे. लोखंडी पिंपाचे गंजके गोल, कपाट ओढत नेल्याचे ओरखडे आणि दाराजवळ कुणीतरी अॅसिडने पुसून काढलेला हातभर पट्टा. तिथे तर दगडाचं तोंड भाजल्यासारखं झालं होतं. आमच्या यांचं म्हणणं, वरून नव्या टाइल्स चिकटवून मोकळं व्हावं. सासूबाईंचं म्हणणं, आहे ते राहू द्या, फरशीचं काय लग्न लावायचंय. मी मात्र हट्टाला पेटले होते. देवाने दिलेल्या दगडावर चिकटपट्टी लावल्यासारखं नवं काही लावायचं, हे मला पटत नव्हतं.

सासूबाई आतून आल्या. "तुमचं मशीन म्हणे सगळं घर हलवतं. माझे दात आधीच हलताहेत."

"दात डबीत ठेवा, आजी. मशीन थांबलं की लावा."

त्या हसल्या नाहीत. पण दुपारी बहिणीला फोनवर हेच वाक्य दोनदा सांगत होत्या.

काकांबद्दल एक गोष्ट मला नंतर कळली. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट समजेल. काकांच्या उजव्या हाताच्या बोटांना स्पर्श कळत नव्हता. डाव्याच्याही जेमतेम.

वडील लवकर गेले, तेव्हा मामाने त्यांना हाताशी घेतलं. मामा फरशी घासण्यातला दर्दी माणूस. सुरुवातीला मशीनला हात लावू द्यायचा नाही. कागदाखाली एक केस ठेवायचा आणि म्हणायचा, डोळे मीट आणि शोध. एका कागदाखालचा सापडायला लागला की दोन कागद. काका सांगत होते, "मामा म्हणायचा, डोळा चकाकीला भुलतो. तळहात कुणाला भुलत नाही." मशीनखाली लावायच्या घासणीच्या दगडांचा आधी भरड, मग मध्यम, मग बारीक, मग अगदी पिठासारखा असा क्रम असतो. आधीच्या दगडाचा एक ओरखडा जरी मागे राहिला, तरी वरून कितीही चमकवा, तो खाली बसलेलाच असतो. प्रत्येक दगडानंतर पाणी ओढून फरशी कोरडी करायची आणि तळहात फिरवायचा. काकांचं सगळं आयुष्य त्या तळहातावर चाललेलं.

आणि मग मशीनची थरथर त्याच हातात मुरली. सुरुवातीला थंडीत बोटं पांढरी पडायची. पुढे शर्टाची बटणं लावताना खाली बघावं लागायला लागलं. डॉक्टर म्हणाले, मशीन सोडा. काकू म्हणाल्या, "मशीन सोडलं तर हे दिवसभर घरात माझ्या मागे मागे. त्यापेक्षा मी येते तुमच्याबरोबर." पण उघड कसं यायचं? स्वयंपाक्याच्या जिभेला चव उरली नाही म्हटल्यावर त्याच्या हाती चूल कोण देईल? फरशीवाल्याच्या बोटांची बातमी फुटली असती, तर काकांचं काम त्याच दिवशी बंद पडलं असतं. म्हणून दोघांनी एक युक्ती काढली होती.

ती युक्ती माझ्या डोळ्यांसमोर चालली होती आणि मला पत्ता नव्हता.

दिवाणखान्याचं काम सुरू झालं. जमिनीवर ताकासारखा पांढरा राडा, काका घोट्यापर्यंत त्यात, मशीनचा आवाज असा की सासूबाई माझ्यावर रागावल्या तरी मला ऐकू येत नव्हतं. भेगा भरायला संगमरवराची पूड पांढऱ्या सिमेंटमध्ये कालवून ते चहाच्या बशीत रंग जुळवत बसायचे. चिमूटभर पिवळा, त्याच्याहून कमी राखाडी. संध्याकाळी मशीन थांबलं की काकू यायच्या. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई. नवऱ्याला न्यायला आले म्हणायच्या. चपला बाहेर काढून आत यायच्या आणि कौतुकाने बघत असल्यासारख्या फरशीवरून सावकाश चालायच्या. मध्येच थांबायच्या.

"पाय दुखतात हो माझे, ताई."

"बसा ना, खुर्ची देते."

"नको, उभीच बरी." आणि थोड्या वेळाने पुढे. मग परत थांबायच्या, परत पाय दुखायचे.

मला वाटायचं, या बाईला कुणीतरी चांगला डॉक्टर सुचवायला हवा. सासूबाई म्हणाल्या, "पाय दुखतात तर घरी बसावं. इथे काय बाग आहे फिरायला?" काका तेवढ्यात खिशातून पेन्सिल काढून काकू थांबल्या होत्या तिथे लादीच्या कडेला बारीक खूण करायचे. दुसऱ्या दिवशी काम तिथूनच सुरू व्हायचं.

दिवाणखाना झाला. अॅसिडचा पट्टा गेला, गंजाचे गोल गेले, एक अगदी फिकट राहिला तो काकांनी मुद्दाम ठेवला. म्हणाले, "तो खोल गेलाय. काढायला जावं तर तिथे खळगा पडेल. दगडालाही एखादी आठवण राहू द्या." काकू शेवटची फेरी मारून गेल्या, त्या दिवशी त्यांचे पाय कुठेच दुखले नाहीत.

आता उरली होती मी पहाटे देवासमोर बसते ती लहान खोली. आणि नेमका त्याच वेळी काकांच्या मुलीचा फोन आला. तिचे दिवस भरायचे होते अजून, पण दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. काकू मिळेल त्या गाडीने परगावी गेल्या.

काकांना मी म्हटलं, "घाई नाही, तुम्हीही जा. खोली नंतर करू."

"नको, ताई. तुमचं रोजचं बसणं खोळंबलंय. एवढीशी तर खोली आहे."

त्यांनी ती एकट्याने केली. काम संपवून जाताना दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. दिव्याची ज्योत फरशीत सरळ उतरलेली दिसत होती. मला तर गलबलून आलं. सामान सकाळी नेतो, म्हणाले.

पहाटे मी आसन न घेता तशीच बसले, नव्या दगडावर. घोट्याला काहीतरी लागलं. हात फिरवला. खिडकीखाली, ताटाएवढ्या जागेत, दगड खरखरीत होता. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. नाव घेत बसले, पण मन त्या घोट्यापाशीच. सांगावं तर माणूस दुखावेल, लेकीच्या काळजीत आहे. न सांगावं तर रोज देवासमोर बसून ती जागा लागत राहणार. देवालाच म्हटलं, तूच काय ते बघ.

देवाने सासूबाईंना पाठवलं.

चहाला हाक मारायला त्या आत आल्या, अनवाणी, नेहमीसारख्या. सासूबाईंबद्दल एवढं सांगितलं की पुरे, की शिवलेल्या कपड्याच्या आतली एक गाठ त्यांना दिवसभर टोचते. खोट काढण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या दोन्ही घरांत कुणी नाही. खिडकीखाली पाय पडला आणि त्या थबकल्या.

"हे काय गं? मांजराच्या जिभेवरून चालल्यासारखं लागतंय."

तेवढ्यात काका सामान न्यायला आलेच. मी सासूबाईंना डोळ्यांनी खुणावत होते, पण त्यांनी माझं कधी ऐकलंय?

"अहो फरशीवाले, इकडे या. हे बघा, काय ठेवलंय इथे."

काका आत आले. गुडघ्यावर बसले. सासूबाईंनी दाखवलेल्या जागी तळहात फिरवला. पुन्हा फिरवला. मग डावा हात. मग सगळी बोटं पसरून, डोळे मिटून, असा फिरवला, जसं काही त्या कागदाखालचा केस शोधत होते.

"मला लागत नाही, आजी," ते म्हणाले.

"लागत नाही म्हणजे? एवढं ढळढळीत?"

"तुमचं बरोबर असणार. माझ्या बोटांना कळत नाही आता." आणि तिथेच बसून, फरशीकडे बघत, त्यांनी सगळं सांगितलं. मामा, कागद, बटणं, काकूंचे दुखणारे पाय. "ती असती तर ही जागा सुटली नसती. मी आज पुन्हा घासून देतो. फक्त बाहेर कुठे बोलू नका. हे काम गेलं तर मला दुसरं काही येत नाही."

मी सासूबाईंकडे बघायचं धाडस केलं नाही. त्यांच्या तोंडून त्या वेळी काहीही बाहेर पडू शकलं असतं.

"घासाल," त्या म्हणाल्या, "पण झालं की नाही ते कोण सांगणार? ही?" म्हणजे मी. "हिला गादीखाली वीट ठेवली तरी कळायचं नाही. व्हा बाजूला, मी चालते. पेन्सिल आहे ना?"

मग आमच्या घरात जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. सासूबाई भिंतीला हात धरून पुढे, एकेक पाऊल टाकत, आणि काका मागून गुडघ्यांवर रांगत.

"इथे."

"किती, आजी? रुपयाएवढं?"

"वाटीएवढं. इथे जरा कमी. इथे काही नाही. थांबा, आहे. टाचेला नाही, चवड्याला लागतंय."

"चवड्याला लागतं म्हणजे बारीक आहे. शेवटच्या दगडाचं काम."

"आता तुम्हीच बघा काय ते. पाय माझे, डोकं तुमचं."

लहान खोली चालून झाली तशा सासूबाई रंगात येऊन दिवाणखान्यात शिरल्या. दाराजवळ थांबल्या. "इथेही."

काकांनी पेन्सिल टेकवली नाही.

"नाही, आजी. ते राहू द्या."

"अहो लागतंय म्हणते ना."

"तिथे ती चालून गेलीय. तिने होकार दिलाय." आवाज चढला नव्हता, पण हात पेन्सिलसकट मागे घेतला होता. "तुम्ही म्हणाल तर ती लहान खोली सगळी पुन्हा घासतो. पण तिने बघितलेल्या जागेला मी हात लावणार नाही. तिच्या पावलांवर मी शंका घेतली, तर मग माझ्याजवळ राहिलं काय?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून सासूबाईंनी काढलेली खोट मागे घेतल्याचं मला आठवत नाही. त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग पायपुसण्यावर पाय स्वच्छ पुसून आल्या आणि त्याच जागेवरून पुन्हा चालल्या, आधी टाचेने, मग चवड्याने.

"हं," म्हणाल्या. "माझ्याच पायाला कण चिकटला होता. बरोबर आहे तिचं."

कण होता की नव्हता, मी विचारलं नाही.

काकांनी दिवसभर खपून लहान खोली पुन्हा केली. प्रत्येक दगडानंतर मशीन थांबवून हाक मारायचे, "आजी, या." आणि आजी हातातली जपमाळ ठेवून लगबगीने जायच्या, जणू त्यांच्यावाचून कारखाना अडलाय. शेवटच्या फेरीला खोलीच्या मध्यभागी उभ्या राहिल्या. एवढंच म्हणाल्या, "आता बसायला हरकत नाही."

सामान बांधत असताना काकूंचा फोन आला. नात झाली होती, दोघी सुखरूप. काकांनी डोळे पुसले आणि हाताला लागलेला पांढरा राडा गालभर झाला. पलीकडून काकूंनी लगेच विचारलेलं मलाही ऐकू आलं, "ती लहान खोली कशी झाली हो?"

"आजींनी चालून बघितलीय," काका म्हणाले.

 काकू म्हणाल्या, "त्यांना द्या फोन." त्या दोघी काय बोलल्या ते कळलं नाही. सासूबाई नुसत्या "हो, चवड्याने... नाही गं, टाच माझी जाड आहे" असं म्हणत होत्या.

आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई फरशी बघायला खाली आल्या. त्यांना आपला जिना आणि दोन खोल्या करून घ्यायच्या होत्या. इकडे तिकडे बघून, वाकून, चष्मा वर करून झाल्यावर त्यांनी काकांना विचारलं, "एवढं सगळं तुम्ही एकटेच करता?"

 सासूबाईंनी फोन कानावरून खाली घेतला, त्यांचं तोंड उघडलेलं. पण काकांनीच उत्तर दिलं.

"एकटा नाही करत. घासतो मी, तपासते बायको. माझ्या बोटांना आता कळत नाही, तिच्या पायांना कळतं. काम आम्हा दोघांचं असतं. चालणार असेल तर सांगा."

शिक्षिकाबाईंनी काकांकडे बघितलं, मग फरशीकडे. चपला काढल्या आणि चार पावलं चालून आल्या.

"मग त्या कधी येणार आहेत?"

"नात झालीय आत्ताच. मुलगी घरी आली, जरा सावरली, की."

"घाई नाही माझी. त्या आल्या की सुरू करू. जिन्यावर चालतील ना त्या?"

"पाय दुखतात म्हणेल मधून मधून," काका म्हणाले, "तिकडे लक्ष देऊ नका."

सासूबाई फोनमध्ये म्हणाल्या, "ऐकलंस? तुला काम लागलं."

काकांनी मशीनची चाकं धुतली, वायर गुंडाळली, बादल्या एकात एक घातल्या. मी गूळ पुढे केला, तो त्यांनी तोंडात टाकला. मशीन दोन दिवस आमच्या जिन्याखाली ठेवू का, विचारलं. ठेवा म्हटलं. मग हात धुऊन, शर्टाच्या बटणांकडे खाली बघत ती एकेक लावून, ते नातीला बघायला जायच्या गाडीचं तिकीट काढायला स्टेशनवर गेले.