पंचवीस वर्षं न उलटलेला माणूस

बोटक्लबावर त्याला सगळे कोरडे सर म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हतं. दिवसभर पाण्याशी काम करून ज्याच्या पँटची इस्त्री संध्याकाळपर्यंत मोडत नाही, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? त्याला मात्र तो मान वाटे. कुणी तोंडावर म्हटलं, तर तो आणखी जरा ताठ होई.

तिचा तो सख्खा मामा. घरी ती त्याला मामा म्हणे आणि तू म्हणे. धक्क्यावर पाऊल ठेवलं की सर म्हणायचं आणि तुम्ही म्हणायचं, हा नियम त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर जाहीर केला होता. तीन वर्षं ती त्याच्या हाताखाली मदतनीस होती. एकट्याने वल्हवायच्या अरुंद कयाक बोटी काढणं, पुसणं, लाइफ जॅकेटांचे पट्टे ओढून बघणं, पाण्यात पडलेल्यांना वर घेणं ही तिची कामं. शिकवणं हे सरांचं. शिकवणं म्हणजे धक्क्यावर फळा मांडून त्यावर केळ्यासारखी दिसणारी बोट काढणं आणि छडीने तिची टोकं दाखवणं.

"तोल स्वभावातच असावा लागतो," तो दर तुकडीला सांगे. "पंचवीस वर्षांत मी एकदाही उलटलो नाही."

हे खरं होतं, आणि तिला तिटकारा होता तो याचाच. क्लबातली सगळ्यात रुंद, म्हशीसारखी बोट त्याने स्वतःसाठी ठेवली होती. धक्क्यापासून साठ-सत्तर हातांवर एक पिवळा पिंप तरंगत असे. त्याच्या पुढे सरांना कुणी गेलेलं पाहिलं नव्हतं. वारा सुटला की त्यांची पाठ धरे. त्यांचं प्रमाणपत्रसुद्धा पाच दिवसांच्या शिबिराचं. त्यातले तीन दिवस वादळामुळे पाण्यावर जायला बंदी होती आणि पाण्यावरची परीक्षा खोलीत बसवून तोंडी घेतली गेली. त्यात पहिला नंबर आल्याचं तो अजून पाहुण्यांना सांगे. कुणी विचारलेलं नसताना सांगे.

त्याचा दुसरा नियम असा, की शिकताना जो उलटला तो नापास. त्यामुळे शिकायला आलेली मोठमोठी माणसं बोटीत अंडी उबवायला बसल्यासारखी बसत. घाबरलेलं अंग ताठ होतं आणि ताठ अंग आधी उलटतं, हे पाण्यावर चार दिवस काढलेल्या कुणालाही कळतं. सरांना पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं. दुपारी ते तोंडावर रुमाल टाकून सामानाच्या खोलीत आडवे झाले, की ती सगळ्यांना शेडमागच्या उथळ पाण्यात नेई आणि एकेकाला मुद्दाम उलटं करी. डोकं खाली गेलं की घाई करायची नाही, बोटीच्या बुडावर तीन थापा मारायच्या म्हणजे डोकं ठिकाणावर राहतं, मग पट्टी ओढायची आणि पँट उतरवतो तशी बोट कमरेखालून उतरवायची.

पट्टी म्हणजे घागऱ्याची पट्टी. कयाकमध्ये बसल्यावर पाणी आत येऊ नये म्हणून कमरेला एक रबरी झालर चढवतात आणि तिचा काठ बोटीच्या तोंडावर घट्ट ताणून बसवतात. क्लबात तिला घागरा म्हणत. पुढच्या बाजूला एक लाल पट्टी असते. बोट उलटली की ती ओढायची, घागरा सुटतो, माणूस बाहेर येतो. एरवी तिचा काडीचा उपयोग नाही, आणि उलटल्यावर तिच्याशिवाय दुसऱ्या कशाचाच नाही. म्हणून ती बाहेर राहायला हवी. मामा ती आत खोचून टाकी. बाहेर लोंबणारी पट्टी त्याला सुटलेल्या नाडीसारखी दिसे. तिने दोनदा सांगून पाहिलं होतं. पहिल्यांदा तो हसला. दुसऱ्यांदा म्हणाला, उलटणाऱ्यांनी ठेवावी बाहेर.

अशा माणसाच्या सहीवर तिचं सगळं अडलं होतं. प्रशिक्षक व्हायला पाण्यावरचे दोनशे तास लागत, आणि ते तास प्रमाणपत्र असलेल्या प्रशिक्षकाने सही केलेले असावे लागत. तिच्या वहीत दोनशे दहा तास होते, आणि प्रत्येकाखाली मामाची लफ्फेदार सही. महिनाभरात ती अर्ज करणार होती. स्वतःची तुकडी, स्वतःचे नियम, आणि या फळ्यापासून कायमची सुटका.

नेमका तेव्हाच प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचा कागद आला. यापुढे प्रमाणपत्राचं नूतनीकरण हवं असेल, तर प्रत्येक प्रशिक्षकाने परीक्षकांसमोर स्वतः उलटून, कुणाची मदत न घेता बाहेर येऊन दाखवायचं. नूतनीकरण झालं नाही, तर गेल्या तीन वर्षांत त्याने केलेल्या सह्या बाद.

मामाने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि या लोकांना काही उद्योग नाहीत असं म्हणून चहा मागवला. तिच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. जन्मात पहिल्यांदाच या माणसाने कशात तरी यशस्वी व्हावं, असं तिला मनापासून वाटायला लागलं. आठवडाभर ती त्याला म्हणत होती, सर, शेडमागे चला, दहा मिनिटं लागतील. त्याला रोज काहीतरी निघे. एकदा सर्दी, एकदा पाहुणे, एकदा तर फळा रंगवायचा होता.

परीक्षक बाई ठिपक्यांची टोपी घालून आल्या. बोलणं कमी, लिहिणं जास्त. छातीइतक्या पाण्यात बोट आणली गेली. मदतनीस म्हणून ती बोटीला लागून पाण्यात उभी राहिली. बाईंनी तिला बजावलं, की वेळ आली तर खुशाल बाहेर काढ, पण तुझा हात लागला की परीक्षा संपली.

मामा इस्त्रीचा शर्ट घालून बोटीत बसला होता. तो डावीकडे झुकला, आणि वल्ह्याने पाण्यावर फटका मारून पुन्हा सरळ झाला. मग उजवीकडे, तेच. चार वेळा झालं. पंचवीस वर्षं ज्याने न पडण्यापलीकडे काही केलं नाही, त्याला पडता येत नव्हतं. धक्क्यावर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

पाचव्या वेळी त्याने डोळे मिटले आणि वल्हं सोडून दिलं. आता हा जाणार, हे तिला दिसलं. आणि घागऱ्याच्या पुढे लाल काहीच दिसत नव्हतं, हेही दिसलं. घागरे या वर्षी नवे होते, काठ करकचून बसलेले. कदाचित गुडघ्यांच्या जोरावर निघालाही असता. कदाचित तिने पाच सेकंद वाट पाहिली असती, तर तिचे दोनशे दहा तास वाचले असते. नाहीतर हा माणूस गाजरासारखा उलटा रुतून बसला असता आणि हातांना नुसतं रबर लागलं असतं.

"मामा, थांब," ती म्हणाली. "पट्टी आत आहे."

क्लबात, सगळ्यांसमोर ती मामा म्हणाली, तू म्हणाली, याचाच त्याला आधी राग आला. त्याने डोळे उघडले आणि बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ती आतच असते. पंचवीस वर्षं मी आतच ठेवतो."

बाईंनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. मग, शर्ट कोरडाच असताना, परीक्षा संपल्याचं सांगितलं. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा येणार होत्या. तोवर सरांनी दहा वेळा उलटून बाहेर यायचं, आणि ज्याला हे नीट येतं अशा कुणीतरी ते बघून कागदावर सही करायची. बाईंनी इकडेतिकडे न बघता तिचं नाव घातलं.

तेरा दिवस मामा तिच्याशी बोलला नाही. घरी आईमार्फत निरोप येत. भर लोकांत मामाची शोभा केलीस, त्याने नोकरीला लावलं नसतं तर कुठे असतीस, वगैरे. ती म्हणाली, कोरडी राहिले असते. आईला ते कळलं नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी त्याने तिच्यापुढे कागद ठेवला. दहाही रकाने भरलेले होते. तारीख, वेळ, वारा कसा होता, पाणी किती गार होतं, सगळं सुवाच्य अक्षरात. दहाव्या उलटण्यापुढे त्याने स्वतःलाच 'उत्कृष्ट' असा शेरा दिला होता.

"सही कर," तो म्हणाला. "तुझेही तास वाचतात. माझं नको, स्वतःचं तरी बघ."

तेच तर ती बघत होती. पेन तिच्या खिशात होतं. एका सहीचा प्रश्न होता, आणि या माणसाने अशा सह्या करत सगळी हयात काढली होती. उद्या तिच्या तुकडीपुढे हेच कोरडं प्रमाणपत्र घेऊन ती उभी राहिली असती. मग तिच्यासाठी फळा आणावा लागला असता, एवढंच.

तिने कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि खुंटीवरचा घागरा काढून त्याच्या हातात दिला.

"शेडमागे चला. आज पाच, उद्या सकाळी पाच."

"मी तुझा मामा आहे."

"म्हणून तर मी पाण्यात उतरते आहे. दुसरं कुणी असतं, तर इथूनच मोजलं असतं."

तो आला. कटकट करत, बूट काढायला पाव तास लावत, पण आला. बाईंचा धाक होता की घरी बसायची भीती, कोण जाणे. तिने लाल पट्टी स्वतः बाहेर काढली, मग त्याला विचारलं नाही आणि सावधही केलं नाही, सरळ बोट धरली आणि कलती केली. तो गेला. तीन थापांऐवजी बुडावर दहा-बाराची लयलूट झाली, मग हात भलतीकडेच चाचपायला लागले, आणि चौथ्या सेकंदाला तिने त्याला दंडाला धरून बाहेर खेचलं. तो उभा राहिला तेव्हा पाणी जेमतेम कमरेच्या वर होतं. डोक्यावर आडवे बसवलेले केस एका कानावरून खाली लोंबत होते आणि त्यांच्याखाली काहीच नव्हतं. तो बराच वेळ खोकला.

"एक झालं," तो म्हणाला.

"मी हात लावला. शून्य."

तिला वाटलं आता हा तडक घरी जाणार. तिचे दोनशे दहा तासही त्याच्या ओल्या पँटमागून चालू लागणार. तो उभाच राहिला. नाकातलं पाणी पुसलं, बोटीकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "खाली गेल्यावर डोळे उघडे ठेवायचे का मिटायचे?"

तिनेही शिकताना हेच विचारलं असतं. पण तेव्हा विचारायला इथे हाच होता.

"उघडे," ती म्हणाली. "बसा पुन्हा."